‘आणि’ की ‘किंवा’

आमच्या मामांच्या गावात फोनला रेंज दोनच ठिकाणी मिळते. एक मारुतीच्या पारावर आणि दुसरी गावाबाहेरच्या माळावर, पळसाच्या झाडाखाली. पारावर बसून बँकेशी बोलायचं म्हणजे गावाला शिल्लक वाचून दाखवण्यासारखं, म्हणून आम्ही माळावर गेलो. आषाढातली भुरभुर चालू होती. मामांनी धुतलेलं धोतर, टोपी असा लग्नाला निघाल्यासारखा पोशाख केला होता, कारण त्यांना सांगितलं होतं की बँकेच्या बाई ‘बघणार’ आहेत. फोन मी धरला होता. पडद्यावर कुठल्याशा महानगरातली, कानाला यंत्र लावलेली एक तरुण मुलगी आली आणि हिंदीत म्हणाली, ‘सर, जन्मतारीख बताइए.’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे ते पोळ्याच्या करीला जन्मले आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत निजामाच्या हैदराबादवर पोलीस ॲक्शन झाली. म्हणजे साल १९४८ आणि महिना सप्टेंबर. आधार कार्डावर मात्र तारीख १ जानेवारी. मराठवाड्यात ज्यांच्या जन्माची नोंद नाही, ते सगळे कागदावर १ जानेवारीला नाहीतर १ जूनला जन्मलेले असतात. मामांना खरी तारीख सांगावी की कागदावरची, हा प्रश्न पडला. मी हळूच म्हणालो, ‘एक जानेवारी.’

मुलगी थांबली. ‘सर के साथ कोई है क्या?’ मग कॉल संपला आणि थोड्या वेळाने संदेश आला की अर्ज नामंजूर झाला आहे.

चूक तिची नव्हती, माझी होती. व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आणली आणि तिच्या नियमांतच लिहिलंय की ग्राहकाला कोणी बाजूने उत्तरं सुचवताना दिसलं तर खातं उघडण्याची प्रक्रिया तिथेच रद्द करायची. नियम शहाणपणाचा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मागे उभं राहून, त्याला पढवून, त्याच्या नावावर खातं काढणारे आणि पुढे ते खातं फसवणुकीच्या पैशासाठी भाड्याने देणारे लोक आहेतच. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शेजारी कोणी नसताना कॅमेऱ्यासमोर पॅन कार्ड सरळ धरायला लावायचं, ते उलटं धरलं तर फिरवायला सांगायचं, तेही हिंदीत, हे कसं व्हावं? मदत आणि फूस यांत कॅमेऱ्याला फरक कळत नाही. माळावर मी मामांचा भाचा होतो. पडद्यावर मी एक संशयित आवाज होतो.

हा सगळा खटाटोप आत्यासाठी होता. आत्या म्हणजे मामांची बायको, माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती तीन वर्षांपासून पुण्याजवळ मोशीत धाकट्या लेकाकडे राहते आणि मामा सेनगाव तालुक्यातल्या गावी, थोरल्याच्या शेजारच्या खोलीत. कुणी नव्याने ऐकलं की आवाज खाली करून विचारतो, ‘काही झालं का?’ काही झालेलं नाही. धाकट्याची बायको नोकरीला जाते, लेकरं लहान आहेत, त्यांना बघायला आत्या गेली. मामा गेले होते पंधरा दिवस. चौथ्या मजल्यावरून खाली बघून त्यांना गरगरलं, आणि इकडे हळदीला पाणी द्यायचं होतं. ते परत आले.

हिंगोली जिल्ह्यात हे घरोघरी दिसतं. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. पोरं चाकणच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या कंपन्यांत, नाहीतर रिक्षावर. संध्याकाळी पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये डोकावलं तर दर दोन-तीन सीटनंतर एक म्हातारी दिसते. पायाशी पिठाचं पोतं, मांडीवर लोणच्याची बरणी. म्हातारा क्वचितच. जमीन आहे तोवर म्हातारा जमिनीपाशी आणि म्हातारी लेकरापाशी, अशी ही न बोलता झालेली वाटणी आहे. खरीखुरी भांडणाची वाटणीही आहेच, ज्यात दोन भाऊ आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे असं ठरवून घेतात. कागदावर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं: पत्ता दोन, माणसं दोन, संसार एक.

पैसा मात्र एकाच पत्त्यावर येतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे येतात ते मामांच्या खात्यात, सातबारा त्यांच्या नावावर आहे म्हणून. हळद हिंगोलीच्या बाजारात गेली की पट्टी त्यांच्या नावाने. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची कीर्ती देशभर गेली, पण ती शिजवताना, उन्हात वाळवताना ज्या बाया राबतात त्यांच्या नावाची पट्टी मी अजून पाहिलेली नाही. आत्याने पन्नास वर्षं हळद शिजवली. मोशीत तिला रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की लेकाला सांगावं लागतं. लेक चांगला आहे, लगेच आणतो. पण नातीला कुल्फी घ्यायची, भजनाच्या बायांत वर्गणी द्यायची, तर तेही मागावं लागतं. ‘ह्यांच्यापाशी मागितलं नाही कधी एवढं, तेवढं पोरापाशी मागावं लागतंय,’ ती मला फोनवर म्हणाली. म्हणून दोघांचं मिळून एक खातं काढायचं ठरलं.

धाकटा म्हणाला, ‘दादा, दहा मिनिटांचं काम. ऑनलाइन होतं.’

दहा मिनिटांचं काम आषाढात सुरू झालं आणि महालक्ष्म्या उठल्यावर संपलं.

मी चार बँकांची ॲप उघडून पाहिली. सगळीकडे जाहिरात झटपट खात्याची आणि सगळीकडे अर्ज एकाच नावाचा. दुसरं नाव जोडायचं तर ‘कृपया जवळच्या शाखेशी संपर्क साधा’. असं का, ते थोडं खोलात गेल्यावर समजलं. आधारच्या ओटीपीवर, समोरासमोर न येता उघडलेलं खातं ही रिझर्व्ह बँकेच्या लेखी अर्धवट ओळखीची गोष्ट आहे. त्यात शिल्लक १ लाखाच्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षात एकूण जमा २ लाखांच्या वर जाता कामा नये आणि वर्षाच्या आत पूर्ण ओळख पटवली नाही तर खातं बंद. हळदीची एक पट्टीच त्या मर्यादेला धडकू शकते. पूर्ण खातं घरबसल्या हवं असेल तर व्हिडिओचा मार्ग, आणि तो एका वेळी एकाच चेहऱ्याचा. एक फोन, एक चेहरा, एक ओटीपी: या यंत्राला माणूस एकटाच असतो असं वाटतं. आमच्याकडे तर स्मार्टफोनच तिघांत एक.

तेही साधं प्रकरण नव्हतं. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. आत्याच्या आधारला जोडलेला नंबर थोरल्याचा जुना, जो त्याने रिचार्ज न केल्यामुळे कधीच दुसऱ्या कुणाला गेला होता. म्हणजे आधी आधार केंद्र. तिथे अंगठा उमटेना. कापूस वेचून, हळद सोलून रेषा गुळगुळीत झालेल्या. गावच्या बँक मित्राच्या मशीनवरही तिचा अंगठा तीनदा नाकारला जाऊन चौथ्यांदा लागायचा. मग पॅन. आधारवर नावापुढे ‘बाई’ आहे, रेशन कार्डावर नाही, आणि ज्या एका जुन्या कागदावर तिचं माहेरचं नाव आहे तो मुद्दाम कुणालाच दाखवला नाही, नाहीतर तिसरी आत्या उभी राहिली असती. आधारला चालू नंबर जोडल्यावर ई-पॅन फुकट आणि काही मिनिटांत निघालं, हे मात्र मान्य करायला हवं.

आणि ओटीपी. वर्षभर आपण म्हाताऱ्यांना बजावतो, ओटीपी कुणाला सांगू नको, अगदी कुणालाच. मग मी हिंगोलीहून फोन करून आत्याला म्हणालो, ‘आत्या, मेसेज आला असेल, त्यातला आकडा सांग.’ ती गप्प. मग म्हणाली, ‘कुनाला सांगू नको म्हनला होतास ना तू?’ ‘अगं मी आहे.’ ‘तसंच म्हनतेत म्हनं ते.’ तिने सांगितला नाही. संध्याकाळी लेक घरी आल्यावर, त्याला समोर बघून, मग आकडा दिला. तोवर त्याची मुदत संपली होती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

या दरम्यान धाकट्याने दुसरा तोडगा काढला. ‘आईच्या नावाने पुण्यात खातं उघडू, दुसरं नाव माझं टाकू, म्हणजे फोनवरून मीच सगळं बघेन.’ मामांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच सुपारी कातरायची थांबवून म्हणाले, ‘नको.’ त्यांनी कारण सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्यावर फ्लॅटचं कर्ज आहे, थोरल्यावर बोअरचं. एकाचं नाव आत्याशेजारी लागलं की दुसऱ्याच्या बायकोच्या कपाळाला आठी.

सोय म्हणून एका लेकाचं नाव जोडायचं आणि आईबाप गेल्यावर भावंडांनी त्या खात्यावरून कोर्टात जायचं, हे इतकं होतं की त्यावर कायदा बराच स्पष्ट झालेला आहे. खात्यावर वारस म्हणून नाव लावलेला नॉमिनी हा मालक नसतो. तो बँकेकडून पैसे घेतो आणि कायदेशीर वारसांसाठी सांभाळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार यांच्या खटल्यात बँकेतल्या ठेवींबद्दल हेच सांगितलं. गावात मात्र नॉमिनी म्हणजे ‘ज्याचं नाव त्याचा पैसा’ हीच समजूत आहे, आणि शिकलेल्यांतही. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. दोन भाऊ, दोन बहिणी असलेल्या घरात ही सोय भांडण थोडं पुढे ढकलेल, एवढं नक्की. आणि लेकाने फक्त व्यवहार करावेत, मालकी नको, असं असेल तर त्यासाठी संयुक्त खातं लागतच नाही. बँकेत अधिकारपत्र देता येतं. ते सुचवणारा कारकून मला भेटला नाही. फोनपुरतं म्हणाल तर २०२४ पासून यूपीआय सर्कल आहे: खातं एकाचं, खर्चाची मुभा दुसऱ्याला, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत. आत्यासाठी ते जवळपास बेतून शिवल्यासारखं होतं, फक्त त्यासाठी दोघांकडे स्मार्टफोन हवा. मामांचा फोन बटणाचा आहे आणि त्यात टॉर्च आहे. त्यांच्या दृष्टीने फोनचा मुख्य उपयोग तो टॉर्च.

तर शाखा. ऑनलाइनचा नाद सोडून, आत्या महालक्ष्म्यांना गावी आली की दोघांनी बँकेत जायचं असं ठरलं. मामांचं जुनं खातं होतंच, त्यात तिचं नाव जोडायचं.

या भागातल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंका उघडल्या तर पासबुकांचा इतिहास सापडतो. निजामाच्या राज्यात १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक, जिच्याकडे तिथल्या उस्मानिया सिक्क्याचा कारभार होता. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विरून गेली. ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ असं म्हणणारे लोक हिंगोलीत अजून आहेत. नांदेडला १९७६ मध्ये सुरू झालेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ ला विदर्भ-कोकण ग्रामीण बँकेसह पुन्हा नव्याने एक झाली. जिल्हा होऊन पाव शतक उलटलं तरी हिंगोलीला स्वतःची मध्यवर्ती सहकारी बँक नाही, परभणीचीच दोन्ही जिल्ह्यांना पुरते. बँकेची पाटी बदलली की कोड बदलतो, चेकबुक बदलतं, कुठेतरी एक म्हातारा जुनं पासबुक घेऊन नव्या खिडकीपुढे उभा राहतो. मामांच्या बँकेचं नाव सांगत नाही. त्यांच्या ट्रंकेतही एकाच खात्याची वेगवेगळ्या रंगांची पासबुकं आहेत. ती सगळी त्यांनी त्या दिवशी पिशवीत घातली. कोणतं लागेल सांगता येत नाही म्हणून.

शाखेत गर्दी होती. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे, ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी असावी असंही. त्या खिडकीवर पाटी होती आणि मागे खुर्ची रिकामी होती. तासाभराने साहेबांनी आत बोलावलं. तरुण माणूस, विदर्भाकडचा, बोलायला गोड. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, ‘ऑपरेशन कसं ठेवायचं? ई ऑर एस टाकू?’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी गप्प बसलो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं, हे विशेष. नाही तर बहुतेक ठिकाणी ती चौकट कारकूनच टिकमार्क करून टाकतो आणि ग्राहकाला ती होती हे नवरा गेल्यावर कळतं. ‘बाबा, “आणि” ठेवलं तर पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील, दरवेळी. “किंवा” ठेवलं तर तुम्ही काढा नाहीतर आई काढतील, एकमेकांना विचारायची गरज नाही. आणि दोघांतलं एक... म्हणजे पुढंमागं... तर दुसऱ्याला खातं चालवता येतं.’ तिसराही प्रकार असतो, तो त्याने सांगितला नाही: पहिलं नाव ज्याचं तोच जिवंतपणी चालवणार, दुसऱ्याला त्याच्या पश्चात. आपल्याकडच्या कितीतरी संयुक्त खात्यांवर बायकोचं नाव आहे ते या तिसऱ्या तऱ्हेने. नाव पासबुकावर, हात रिकामा. पोस्टात मात्र दोनच प्रकार आहेत, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’मध्ये दोघांनी मिळून, ‘बी’मध्ये कोणीही. पोस्टमनला विचारलं तर तो सांगतो. विचारायचं असतं हे माहीत असावं लागतं.

मामा म्हणाले, ‘आणि ठिवा.’

आत्या काही बोलली नाही. पदर नीट केला. साहेब म्हणाला, ‘बाबा, आई पुण्याला असतात म्हणाले. मग दर वेळी सही कशी करणार? फॉर्म पोस्टानं पाठवणार?’ मामा म्हणाले, ‘तिच्यावर भरोसा नाही असं नाही साहेब. पण तिच्या शेजारी कोन बसलंय, ते मला इथून दिसत नाही.’

मला माळावरची ती मुलगी आठवली. तिचा प्रश्न हाच होता.

तेव्हा आत्या बोलली, साहेबाकडे बघत, पण मामांसाठी. ‘इथं बी कोन बसलंय ते मला तिथून दिसत नाही म्हना.’

साहेब हसला. मामा नाही हसले. थोड्या वेळाने त्यांनी हाताने खूण केली: टाका काय टाकायचं ते. ‘ई ऑर एस’ वर टिक झाली. पुढचा प्रश्न पहिल्या नावाचा. ते मामांचंच राहिलं, खातंच त्यांचं होतं. पण हा क्रम कागदापुरता नसतो. पत्ता, संदेश, व्याजाचा हिशेब साधारणपणे पहिल्या नावाच्या दारी जातो. ठेव विमा महामंडळ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत ५ लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित धरतं आणि तिथे ‘मामा-आत्या’ हे खातं वेगळं, ‘आत्या-मामा’ हे वेगळं मोजलं जातं. एवढी रक्कम कुणाकडे आहे म्हणा. तरी नावांची अदलाबदल केल्याने जोडपं दोन होतं, हे मला गमतीचं वाटलं.

सहीच्या जागी आत्याने सही केली. अंगठा नाही. तिने ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कधीतरी शिकून ठेवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांना सही किंवा अंगठाही जमत नाही अशा आजारी खातेदाराचा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, असा नियम आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. साहेबाने तो बोलता बोलता सांगितला, तेव्हा मामा म्हणाले, ‘हां, ते आमच्या भावाचं असंच झालं होतं,’ आणि पाच मिनिटं त्या भावाच्या शेवटच्या आजारपणाची हकीगत झाली. बाहेर रांग वाढत होती.

कार्ड टपालाने यायला पंधरा दिवस लागले आणि ते, अर्थातच, गावच्या पत्त्यावर आलं. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे ते पाकिटात घालून, वर डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून पाठवलं. पिन वेगळा, फोनवर सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात मी पुण्याला जाणार होतो, तेव्हा आत्याला एटीएमवर नेऊन तिच्याकडूनच लावून घेतला. मशीनपुढे तिने मला बाहेर उभं राहायला सांगितलं. काचेतून दिसत होतं, ती एकेक बटण दाबण्याआधी मागे वळून बघत होती.

घटस्थापनेनंतर मी गावी होतो. संध्याकाळी मामा पारावर बसले होते आणि बटणाच्या फोनवर संदेश आला. शेजारच्या पोराने वाचला: खात्यातून ५०० रुपये काढले, पुणे. पारावर चौघंजण होते, चौघांनीही ऐकलं. मामांनी तिथूनच फोन लावला, आवाज मोठा करून.

‘काय वं, पाचशे काहून लागले?’

पलीकडे लेकरांचा गोंधळ, कुकरची शिट्टी. मग आत्याचा आवाज.

‘ते साहेब “किंवा” म्हनले होते नं?’

मामा गप्प झाले. पारावरचे सगळेही गप्प. मामांनी फोन कानाला घट्ट लावला, थोडे पलीकडे वळले आणि विचारलं, ‘पाऊस हाय का तिकडं?’